‘तो माणूस शेवटी मेलाच ना, आई?’

ताई, आम्ही बरीच वर्षं न्यू जर्सीत आहोत. माझा मुलगा २७ वर्षांचा. गेल्या जुलैमध्ये मित्रांबरोबर तळ्यावर गेला होता. उथळ पाण्यात सूर मारला आणि मान मोडली. डॉक्टर सी-५ म्हणतात, म्हणजे मानेचा पाचवा मणका. खांदे हलतात, कोपर वाकतं, बोटं चालत नाहीत, छातीखाली काही कळत नाही. रिहॅबमधून घरी येऊन चार महिने झाले. त्याचं सगळं मीच करते, बाहेरच्या बाईचा हात लागू देत नाही. सुपरमॅनचं काम करणाऱ्या क्रिस्टोफर रीव्हचे व्हिडिओ नातेवाईक त्याला सारखे पाठवतात. मीही दाखवले. परवा त्याने फोन बाजूला ठेवायला सांगितला आणि म्हणाला, ‘तो माणूस शेवटी मेलाच ना, आई?’ मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून कुशीवर वळवताना एवढंच म्हणतो, ‘भिंतीकडे.’ एका रात्री म्हणाला, मला पाण्यातून काढायलाच नको होतं. माझं काय चुकलं? त्याला धीर कसा देऊ?
— एक आई

प्रिय ताई,

त्याचा प्रश्न खरा आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. हो, तो मेला. १० ऑक्टोबर २००४ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी, अपघातानंतर साडेनऊ वर्षंही पुरी व्हायच्या आत. कशाने गेला, हे त्या व्हिडिओंमध्ये नसतं. एक बेडसोअर, म्हणजे एकाच जागी सतत भार पडून होणारी जखम, चिघळला, संसर्ग अंगभर पसरला, हृदय बंद पडलं. तो कोमात गेला आणि परत आला नाही. चोवीस तास नर्स दिमतीला असलेल्या माणसाला एका जखमेने नेलं.

हे मुलाला जसंच्या तसं सांगा. धीर देण्याच्या नादात आपण जे गाळतो ते त्याला बरोबर कळतं, आणि मग आपल्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

मी हे कुठून बोलतेय तेही सांगते. २००३च्या जानेवारीत बर्फावर आमची गाडी घसरली आणि माझा कणा टी-१० ला, म्हणजे छातीमागच्या दहाव्या मणक्याला मोडला. तेव्हापासून मी व्हीलचेअरवर आहे. मला हात आहेत, तुमच्या मुलाला बोटं नाहीत. त्यामुळे त्याचं दुःख मला कळतं, असं मी म्हणणार नाही. पण व्हिडिओ पाठवणारी माणसं मला चांगली कळतात. माझ्या वेळी रीव्ह हयात होता. लोक मासिकांतली त्याच्यावरची पानं फाडून आणून द्यायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, आता ही कधी हसते म्हणून.

दुसऱ्या वर्षी मी एक चूक केली. लग्नाला जायचं म्हणून जुनी जीन्स घातली आणि दिवसभर तशीच बसले. मागच्या खिशाला धातूची टिकली असते ना, ती माझ्या बैठकीखाली रुतली होती. मला कळणार कसं? रात्री नवऱ्याने पाहिलं तर दाण्याएवढा लाल डाग. आम्ही दोघांनीही तो मनावर घेतला नाही. आठ दिवसांत तिथे खड्डा पडला. सात आठवडे मी पालथी पडून होते. त्या पालथ्या दिवसांतच एका सकाळी टीव्हीवर रीव्ह गेल्याची बातमी लागली. कारण ऐकल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, आवाज बंद कर. त्या दिवशी मला त्याच्याबद्दल जे वाटलं, ते त्याच्या कुठल्याही भाषणाने वाटलं नव्हतं. तो सुपरमॅन वगैरे कोणी नव्हता. माझ्यासारखीच कातडी असलेला माणूस होता.

त्या माणसाची गोष्ट तुमच्या मुलाला कोणी सांगितलेली दिसत नाही. मी थोडी सांगते.

‘सुपरमॅन’ १९७८ साली आला तेव्हा रीव्ह २६ वर्षांचा होता, जवळपास तुमच्या मुलाच्याच वयाचा. सव्वासहा फुटांहून उंच. विमान चालवायचा, शिडाची नौका हाकायचा, घोड्यावर बसायचा. १९९५च्या मे महिन्यात त्याचा एक टीव्ही-चित्रपट लागला. त्यात त्याने कमरेखाली लुळा पडलेला पोलीस केला होता. भूमिकेच्या तयारीसाठी तो एका रिहॅबमध्ये जाऊन रुग्णांबरोबर बसायचा, आणि तिथून बाहेर पडताना, हे आपल्यावर आलेलं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटायचं, असं त्याने पुढे स्वतःच लिहिलंय. तुमच्याकडे येऊन जाणाऱ्या प्रत्येकाला दार ओढून घेताना तसंच वाटतं, ताई. त्यात ती माणसं वाईट आहेत असं नाही. पण मुलाला ते दिसतं.

हा चित्रपट लागून आठवडाही झाला नव्हता. २७ मे रोजी व्हर्जिनियातल्या कल्पेपरमध्ये घोड्यांची स्पर्धा होती. तिसऱ्या अडथळ्याशी घोडा ऐन वेळी अडला. रीव्ह पुढे फेकला गेला, हात लगामात अडकले होते, म्हणून तो डोक्यावर आपटला. मानेचे पहिले दोन मणके मोडले. स्वतःहून श्वास घेता येईना. कवटी पुन्हा मानेला जोडावी लागली, इतकं मोठं ते ऑपरेशन होतं.

शुद्धीवर आल्यावर, काय झालंय हे कळलं तेव्हा त्याने बायकोला, डेनाला, ओठांच्या हालचालींनी विचारलं की मला जाऊ द्यायचं का. म्हणजे तुमचा मुलगा रात्री जे बोलला, ते सुपरमॅनही बोलला होता. व्हिडिओत हेही नसतं. डेनाने त्याला गप्प केलं नाही. असं अभद्र बोलू नये, म्हटलं नाही. मुलांकडे बघ, म्हणून गळ घातली नाही. तिने सांगितलं की आयुष्य तुझं आहे, निर्णयही तुझा. काहीही ठरवलंस तरी मी शेवटपर्यंत तुझ्याबरोबर आहे. आणि तू अजून तूच आहेस, माझं तुझ्यावर प्रेम आहे. ‘तू अजून तूच आहेस’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. माझ्या मते त्याला उभं केलं ते आधीच्या वाक्याने. ज्याला स्वतःचं नाकही खाजवता येत नव्हतं, त्याच्या हातात कोणीतरी काहीतरी ठरवायचं दिलं.

तो पहिल्यांदा हसला त्याचीही गोष्ट आहे. ऑपरेशन व्हायचं होतं. निळी टोपी, पिवळा गाउन घातलेला एक डॉक्टर आत शिरला आणि रशियन धाटणीच्या इंग्रजीत सांगू लागला की मला लगेच तुमची गुदद्वाराची तपासणी करायची आहे. तो विनोदी नट रॉबिन विल्यम्स होता, त्याचा जुलियार्ड या कलाशाळेतला वर्गमित्र. तुमच्या मुलाचे असे वात्रट मित्र असतीलच. तळ्यावर बरोबर असलेले तर नक्कीच. अपराधी वाटून ते येत नसतील. त्यांना तुम्ही फोन करून बोलवा, आणि ते आले की तुम्ही खोलीबाहेर जा. दार लावून घ्या. आतून काही वावगं ऐकू आलं तरी आत जाऊ नका.

आता ‘मला काढायलाच नको होतं’ या वाक्याबद्दल. ते ऐकून सोडून देऊ नका. शांतपणे, सरळ शब्दांत विचारा: मरावंसं वाटतं का? रोज वाटतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आत असेल तर बाहेर येतो. त्याच्या डॉक्टरांना हेच शब्द सांगा आणि नैराश्यावर वेगळे उपचार मागून घ्या. मणका मोडलेल्या माणसाला उदास वाटणारच, म्हणून डॉक्टरसुद्धा कधीकधी ते सोडून देतात. तसं होऊ देऊ नका. अमेरिकेत आत्महत्येचे विचार येणाऱ्यांच्या मदतीचा ९८८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोन करा नाहीतर मेसेज. तुम्हाला स्वतःला घाबरायला झालं तरी तोच नंबर लावा.

रीव्हने पुढच्या वर्षांत काय केलं, ते लोक ‘जिद्द’ या एका शब्दात गुंडाळतात. त्याचा मला राग येतो. जिद्द होतीच. पण पहिली गोष्ट, तो कामाला लागला. १९९७ साली त्याने टीव्हीसाठी एक चित्रपट दिग्दर्शित केला. १९९८मध्ये मुख्य भूमिका केली, व्हेंटिलेटरसकट, आणि तिला स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डचा पुरस्कार मिळाला. दुसरी गोष्ट, तो पैशाबद्दल उघड बोलला. त्याच्या विम्याला आयुष्यभराची कमाल मर्यादा होती. वर्षाकाठी लाखो डॉलर खर्च, तेव्हा काही वर्षांत पैसे संपणार हे सरळ गणित होतं. आपली ही गत, तर साध्या नोकरदाराचं काय, असं म्हणत १९९६मध्ये तो ही मर्यादा १० लाखांवरून एक कोटी डॉलरवर न्यावी म्हणून सिनेटच्या मागे लागला. तेव्हा ते मंजूर झालं नाही. २०१०च्या आरोग्य कायद्याने अशा मर्यादांवर बंदी आणली, तोवर तो हयात नव्हता. पण तुमच्या मुलाच्या रिहॅबच्या बिलांपुढे ‘तुमची मर्यादा संपली’ असं पत्र आलं नाही, त्यामागे असे मांडून ठेवलेले हिशेब आहेत. मुलाला हे सांगा. त्याला हे चालेल, कारण यात कोणी उडत नाही.

त्याच्यावर टीकाही झाली, आणि ती टीकाही मुलाच्या कानावर जायला हवी. २०००च्या सुपरबोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, एक जाहिरात लागली. कॉम्प्युटरच्या करामतीने त्यात रीव्ह उठून चालताना दाखवला होता. आमच्यातले कितीतरी लोक भडकले. रीव्ह खरंच बरा झाला असं वाटून घरोघरी विचारणा सुरू झाल्या. व्हीलचेअरवरच्या चळवळीतली माणसं आधीपासूनच म्हणत होती की हा सारखा बरं होण्याबद्दल बोलतो, आणि आम्हाला आज बसमध्ये चढायचंय. त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. १९७७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग माणसं आपल्या हक्कांसाठी तीन आठवड्यांहून जास्त दिवस ठाण मांडून बसली होती, जूडी ह्यूमनसारख्या बायका पुढे होत्या. १९९०च्या मार्चमध्ये काही जण व्हीलचेअर खाली सोडून कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या पायऱ्या हातांवर, गुडघ्यांवर चढले. त्याच वर्षी अपंगांशी भेदभावाला बंदी करणारा एडीए कायदा झाला. रीव्ह तेव्हा धडधाकट होता. तो ज्या रॅम्पवरून पुढे गेला, तो दुसऱ्यांनी बांधून घेतलेला होता.

मला वाटतं तो शिकला. बरं व्हायची आशा त्याने कधी सोडली नाही, पन्नाशीपर्यंत चालेन असंही जाहीर केलं होतं. पन्नाशी आली, तो चालला नाही. २०००च्या सुमारास डाव्या हाताची तर्जनी हलली, पुढे शरीराच्या बऱ्याच भागाला स्पर्श कळू लागला. तेही अनेक वर्षांच्या कष्टानंतर, आणि असं सगळ्यांना होत नाही. पण त्याच्या नावाची संस्था आज संशोधनाबरोबर रोजच्या जगण्यासाठीही पैसा देते, आणि त्यात डेनाचा वाटा मोठा होता. त्याच्यामागे दीड वर्षात तीही कॅन्सरने गेली, ४४ वर्षांची. लुळेपणावरच्या संशोधनासाठी दोघांच्या नावाचा कायदा २००९मध्ये झाला.

तेव्हा घरात कोणी ‘चालायला कधी लागणार’ विचारलं, तर तुम्ही पुढे होऊन बोला. ‘व्यायाम चालू आहे, आज अमुक करतोय’ एवढं म्हणा आणि विषय बदला. हा पहारा मुलाला द्यावा लागू नये.

एक प्रसंग मला सगळ्यांत जवळचा आहे. रीव्हचा धाकटा मुलगा विल अपघाताच्या वेळी तीन वर्षांचाही नव्हता. पुढे त्याला सायकल शिकायची होती. सीट धरून मागे पळणारा बाप नव्हता. रीव्ह खुर्चीत बसून नुसतं सांगत राहिला. हँडल घट्ट धर, खाली नको, समोर बघ, आता उजवा पाय, डावा पाय, उजवा. तो बोलायचा तेही व्हेंटिलेटरच्या श्वासाच्या तालावर, थांबत थांबत. आणि पोरगं सायकल चालवू लागलं.

तुमच्या पत्रात मुलाला काय येतं, काय आवडतं, याबद्दल एक शब्द नाही. मला खांदे, कोपर, बोटं कळली. तो काय काम करत होता, कोणाला काय शिकवू शकेल, हे नाही कळलं. मी दोष देत नाही. रिहॅबमध्ये सगळे शरीराचीच भाषा बोलतात, आपणही तीच बोलायला लागतो. पण आज त्याला एखादी खरी अडचण विचारा. घरातला टॅक्सचा कागद, वडिलांचा बिघडलेला लॅपटॉप, काहीही. त्याला बरं वाटावं म्हणून नको. तुम्हाला खरंच येत नसेल तेच विचारा.

आता तुम्हाला आवडणार नाही ते. सगळं तुम्ही करणं थांबवा. २७ वर्षांच्या मुलाला आईने पुसायचं, कॅथेटर बदलायचा, पोट साफ करायचं, यात तुमची माया आहे, पण त्याला रोज लाज वाटत असणार. तुम्हाला दुखवायला नको म्हणून तो बोलत नाही आणि भिंतीकडे वळतो. माझ्या सासूबाईंनी माझं सगळं पाच महिने केलं. मी त्यांच्या ऋणात आहे, आणि ज्या दिवशी पहिली पगारी मदतनीस आली त्या दिवशी मी आंघोळीनंतर पहिल्यांदा आरशात पाहिलं. न्यू जर्सीत मेडिकेडमधून, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यातून, अशी मदत मिळू शकते. नोकरीत किंवा शिक्षणात असणाऱ्यांसाठी राज्याची पर्सनल असिस्टन्स योजनाही आहे. माणूस निवडताना मुलाखत त्याला घेऊ द्या. नको म्हणायचा हक्कही त्याचाच.

नोकरी लागली तर वैद्यकीय मदत जाईल, ही भीती बहुतेक घरांत असते. रीव्हने पाठिंबा दिलेल्या १९९९च्या एका कायद्यामुळे अपंगत्वाचे लाभ घेणाऱ्यांना काम करून बघता येतं, आणि मेडिकेअर हा वृद्धांचा-अपंगांचा सरकारी विमा बराच काळ टिकतो. तुमच्या राज्यात ‘वर्कअ‍ॅबिलिटी’ नावाची मेडिकेडची सोय आहे, ती नोकरी करणाऱ्या अपंगांसाठीच. अर्ज कंटाळवाणे आहेत. तो फोनला बोलून टाइप करू शकत असेल तर त्यालाच भरू द्या.

आणि कातडी. सी-५ असेल तर खुर्ची विजेवर मागे कलणारी, टिल्टवाली हवी. विमा कंपनी नाही म्हणाली तर डॉक्टरांचं पत्र लावून अपील करा. खुर्चीत दर अर्ध्या तासाला मागे कलायचं, फोनवर गजर लावून. पलंगावर साधारण दोन तासांनी कूस बदलायची. सकाळ-संध्याकाळ उजेडात माकडहाड, बैठकीची हाडं, टाचा, घोटे बघायचे. लाल डाग दाबून पाहा. दाबल्यावर फिका पडला नाही, किंवा अर्ध्या तासात गेला नाही, तर त्या जागेवर भार बंद, आणि डॉक्टरांना फोन. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, काळपट किंवा जांभळट दिसते. हात लावून ऊब आणि कडकपणा बघा. आपल्या लोकांच्या बाबतीत हे डॉक्टरांकडूनही सुटतं.

आणखी एक, कारण यात वेळ घालवून चालत नाही. त्याचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला, तर आडवं करू नका. उठवून ताठ बसवा, कपडे, पट्टे सैल करा, युरिन बॅगची नळी पिळवटली आहे का ते आधी बघा. रक्तदाब झपाट्याने चढतो. कारण सापडलं नाही तर ९११ला फोन. सगळ्या इमर्जन्सी रूममध्ये हे ओळखतातच असं नाही.  म्हणून याची माहिती छापलेलं कार्ड खिशात ठेवतात. रीव्ह फाउंडेशन ते देतं.

ही संस्था वर्षानुवर्षं तुमच्याच राज्यातल्या शॉर्ट हिल्समधून काम करत आली आहे. दुभाषा मागितला तर ते देतात. त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर मागा: तशीच इजा झालेला, आधीची वाट चाललेला एक माणूस, ज्याच्याशी मुलगा बोलू शकेल. तुमच्यासाठीही तशी एक आई मिळू शकेल. माझ्या बाबतीत डॉक्टर, कीर्तन, प्रेरणादायी भाषणं यांतल्या कशानेही जे झालं नाही, ते एका बाईने केलं. तिने मला पंधरा मिनिटांत दाखवलं की पडल्यावर जमिनीवरून खुर्चीत परत कसं बसायचं.

तुम्ही विचारलंत, तुमचं काय चुकलं. व्हिडिओ दाखवलेत यात काही भयंकर नाही. आता मात्र ते बंद करा, आणि पाठवणाऱ्यांनाही सांगा की त्याऐवजी शनिवारी दोन तास येऊन त्याच्याशी पत्ते खेळा. पत्ते धरायला लाकडी खाचेचा स्टँड मिळतो.

आज रात्री कुशीवर वळवताना तो ‘भिंतीकडे’ म्हणाला, तर भिंतीकडेच वळवा. मग पलंगाशी बसा आणि म्हणा, ‘तू विचारलं होतंस ना? हो, मेला. बेडसोअरने. तुझी पाठ बघू का?’ तो नको म्हणाला तर पुन्हा दोन तासांनी विचारा.

आणि त्याला वाटलं तर त्याने मला लिहावं. मराठीत, इंग्रजीत, फोनला बोलून, शिव्या देऊन, कसंही. ते या सदरात छापणार नाही.